जुगाराचा पत्ता

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेत आजचा विषय 'द्यूतगृहाची जागा : एक ऐतिहासिक विचार' असा भारदस्त छापलाय. पण तो सुचण्याचं कारण अगदी घरगुती आहे, ते आधी सांगतो.

येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मुलगी आणि जावई पुण्याला असतात. त्यांनी ठरवलं की आई-बाबांना गोव्याला न्यायचं. इथवर ठीक. मग एका रात्री जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, "बाबा, कॅसिनो असलेलं हॉटेल बघतोय. पण त्या मांडवीच्या गर्दीतलं नको. जरा बाजूला, शांत आणि देखणं असं." फोन स्पीकरवर होता. आमच्या सौभाग्यवती पोहे निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे जुगार हवा, पण शेजार चांगला हवा."

मी हसलो, पण 'जरा बाजूला' हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाची ही खोड असते, शब्दात अडकायचं. जुगार खेळायचा, तर तो बाजूला का? आणि देखणा का? ही आजकालच्या पर्यटकांची हौस आहे की यामागे काही जुनं आहे? म्हणून दोन महिने पुस्तकं उपसली. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. हॉटेलचं काय झालं तेही सांगेन, जाताना.

आधी हा 'कॅसिनो' शब्दच बघा. इटालियन भाषेत 'कासा' म्हणजे घर. कॅसिनो म्हणजे छोटं घर, शहराबाहेर किंवा बागेत बांधलेला लहानसा बंगला, जिथे श्रीमंत मंडळी करमणुकीला जमत. म्हणजे 'जरा बाजूला' हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. जावईबापूंनी मागितलं ते शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच मागितलं होतं, हे मला त्यांना सांगावं लागलं.

पण आपण इटलीला जायच्या आधी हस्तिनापूरला जाऊ. महाभारतातलं द्यूत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते कुठे झालं याकडे आपलं लक्ष नसतं. धृतराष्ट्राने त्या एका खेळासाठी नवी सभा बांधवून घेतली. हजार खांब, शंभर दारं, सोनं आणि वैडूर्य जडवलेलं, लांबी-रुंदी एकेक कोस, असं तिचं वर्णन सभापर्वात येतं. तिला नावसुद्धा दिलेलं आहे, तोरणस्फाटिका. मयसभेत दुर्योधनाची फजिती झालेली, तेव्हा आपलीही इमारत कमी पडायला नको. मग विदुराला निमंत्रण घेऊन इंद्रप्रस्थाला पाठवलं. पांडव आले. आल्याबरोबर कुणी फासे पुढे केले नाहीत. आप्तेष्टांच्या भेटी झाल्या, उत्तम निवासस्थानं दिली, स्नान, भोजन, गायन, शांत झोप. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत प्रवेश. आता मला सांगा, आधी मुक्काम, मग मेजवानी आणि मग पट, हा क्रम आजच्या कोणत्या हॉटेलात बदललाय? युधिष्ठिर गल्लीतल्या अड्ड्यावर कधी गेला नसता. त्याला वैभवाच्या दारातूनच आत घ्यावं लागलं. 'देखणं' या शब्दाचं काम हे असं असतं.

याच्या बरोबर उलटं बोलणारा माणूस म्हणजे कौटिल्य. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याचं काम हे की जुगार एकाच ठरलेल्या ठिकाणी चालावा. दुसरीकडे कुणी खेळताना सापडला तर बारा पण दंड. आणि एकाच ठिकाणी कशासाठी? तर गुप्तपणे पोट भरणारे लोक, चोर वगैरे, ओळखू यावेत म्हणून. फासे सरकारी भाड्याने, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे, आणि जो जिंकेल त्याच्याकडून शेकडा पाच राज्याचे. कौटिल्याला जुगाराचा नैतिक कळवळा नाही आणि तिटकाराही नाही. त्याला तो डोळ्यांसमोर हवा आहे, एवढंच. मनूला मात्र तो राज्यातच नको आहे. आपल्याकडचे हे दोन जुने पक्ष, आणि मला वाटतं आपली सरकारं आजही सकाळी मनूचं बोलतात आणि संध्याकाळी कौटिल्याचा हिशेब करतात.

आता युरोप. १६३८ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 'रिदोत्तो' नावाचं सरकारमान्य द्यूतगृह उघडलं. कार्निव्हलच्या दिवसांत शहरभर जो बेबंद जुगार चाले तो एका छपराखाली आणायचा, हा कौटिल्याचाच विचार. तिथे तोंडावर मुखवटा आणि डोक्यावर तिकोनी टोपी घालूनच जावं लागे. साहजिकच तसा पोशाख ज्याला परवडे तोच आत. १७७४ मध्ये व्हेनिसने ते बंद केलं, कारण खुद्द सरदार घराणी त्यात बुडायला लागली होती.

खरी गंमत मोनॅकोची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे संस्थान कंगाल होतं. फ्रान्स्वा ब्लाँ नावाचा फ्रेंच गृहस्थ होता, त्याने आधी जर्मनीत बाड होम्बुर्ग इथे द्यूतगृह चालवून दाखवलं होतं. रूलेटच्या चाकावर दोन शून्यं असत, त्यातलं एक काढून टाकून त्याने गिऱ्हाईक खेचलं होतं. त्याला १८६३ साली मोनॅकोच्या राजाने परवाना दिला. जागा कोणती? जुन्या गावातली नव्हे. समोरची उजाड टेकडी, जिला लोक 'गुहांची जागा' म्हणत. राजाचं नाव चार्ल्स, म्हणून १८६६ मध्ये त्या टेकडीचं नाव माँटे कार्लो ठेवलं. ब्लाँला एक गोष्ट कळली होती, नुसतं टेबल मांडून चालत नाही. त्याने शेजारी उंची हॉटेल उभारलं, बागा केल्या. १८६८ मध्ये आगगाडी आली. १८६९ मध्ये मोनॅकोच्या राजाने प्रजेचा प्राप्तिकरच माफ केला. पुढे १८७९ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचा वास्तुकार गार्निए याने तिथे नाट्यगृह बांधलं. आणि एक नियम मात्र पक्का, मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांनी तिथे खेळायचं नाही.

हा नियम नीट लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे. काठमांडूत १९६८ मध्ये सोल्टी हॉटेलात कॅसिनो निघाला. नेपाळी नागरिकाला आत मनाई, हिंदुस्थानी पाहुण्याला पायघड्या. सिक्कीममध्ये तेच. गोव्याने २०२० च्या १ फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश बंद केला. म्हणजे बाजूला ठेवायची ती फक्त इमारत नाही. माणूसही परका हवा. बुडायचं तर दुसऱ्या गावच्याने बुडावं. आणि गोव्याच्या दृष्टीने तो दुसऱ्या गावचा माणूस म्हणजे मंडळी, आपणच. पुणं, मुंबई, बेळगाव, हुबळी, नागपूर.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. लास वेगस गावातली फ्रीमाँट स्ट्रीट ही तेव्हाची मुख्य जागा. १९४१ साली थॉमस हल नावाच्या हॉटेलवाल्याने गावाच्या हद्दीबाहेर, हमरस्त्यावर वाळवंटात 'एल रांचो वेगस' बांधलं. हद्दीबाहेर म्हणजे नगरपालिकेचे कर नाहीत. पोहण्याचा तलाव, झाडी, ऐसपैस जागा. गावातल्या गजबजाटापासून दूर, देखणं हॉटेल! १९४६ मध्ये तिथेच फ्लेमिंगो आलं. आज जिला जग 'स्ट्रिप' म्हणतं, जिची गर्दी टाळून लोक बाजूचं हॉटेल शोधतात, ती स्ट्रिप मुळात अशी बाजूची जागा म्हणूनच सुरू झाली. आजही तिचा बराचसा भाग लास वेगस शहराच्या हद्दीत नाही. मकाऊतही हेच झालं. पोर्तुगिजांनी तिथे १८४७ मध्ये जुगाराला मान्यता दिली, पुढे जुनं शहर भरलं, मग दोन बेटांच्या मधला समुद्र बुजवून नवी पट्टी केली आणि तिथे २००७ मध्ये उभं राहिलेल्या प्रचंड हॉटेलाला नाव दिलं व्हेनिसचं! रिदोत्तो बंद झालं त्याला तोवर २३३ वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे येऊ, कारण खरी मजा इथे आहे. १९७६ हे साल लिहून घ्या. त्या वर्षी गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा झाला. बंदीचा. आणि त्याच १९७६ साली महाराष्ट्रात कॅसिनो नियंत्रण आणि कर असा कायदा झाला. म्हणजे कॅसिनो चालू द्यायचे, त्यावर कर घ्यायचा. ज्याने बंदी केली त्या गोव्यात आज कॅसिनो आहेत. ज्याने परवानगीचा कायदा केला त्या महाराष्ट्रात एकही नाही, कारण तो कायदा अंमलातच आला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो नुसता पुस्तकात राहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं आणि पुढे तो रद्द झाला. माझ्या एका वकील मित्राच्या शब्दांत, "न झालेल्या लग्नाचा घटस्फोट."

गोव्यात काय झालं? १९९२ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना परवानगी दिली. १९९६ मध्ये टेबलावरचे खेळ जहाजांवर चालतील अशी सोय केली. आजही फरक तोच आहे. जमिनीवरच्या हॉटेलात यंत्र, पडदा, बटण. आणि जिवंत माणूस पत्ते वाटतोय, चाक फिरवतोय, हे पाण्यावर. कायद्यातला शब्द किनाऱ्यापासून दूर असा अर्थ देणारा. प्रत्यक्षात बोटी उभ्या आहेत पणजीसमोर मांडवी नदीत. बांदोडकर मार्गावरून दिवे मोजता येतात. धक्क्यावरून छोट्या होडीत बसायचं आणि काही मिनिटांत आत. हे जे अंतर आहे ते मैलांचं नाही, ते मनाचं आहे. आपण जमीन सोडली एवढं मनाला वाटलं की झालं. ह्या बोटी मांडवीतून हलवू असं एकेका सरकारने सांगितलं आणि मुदती वाढवत नेल्या.

त्यातला 'पंचतारांकित' हा शब्द मला जास्त बोचतो. नीट विचार करा. तीनपत्ती तीच, पत्ते बावन्नच. ती पोळ्याच्या कराला, म्हणजे पाडव्याच्या दिवशी, आपल्याकडे एखाद्या गावच्या पाराखाली रंगली तर मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. पोलिसांची धाड, रक्कम जप्त, नावं दुसऱ्या दिवशी पेपरात. नागपूर मध्यप्रांतात होतं तेव्हा याच कामाला १८६७ चा इंग्रजांचा कायदा होता. आणि तोच खेळ संगमरवरी फरशीवर, वातानुकूलित खोलीत मांडला की ते मनोरंजन, पर्यटन, महसूल. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सांगून ठेवलंय की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. त्या निकालात ऋग्वेद आणि महाभारताचाही आधार घेतलेला आहे. वेदातल्या त्या जुगाऱ्याला, ज्याची बायको त्याला सोडते आणि सासू तिरस्कार करते, त्याला शेवटी सांगितलंय की बाबा रे, फासे सोड आणि शेती कर. म्हणजे व्यापार म्हणून हक्क नाही, पण सरकारने तारे मोजून परवाना दिला तर चालतं. अभिरुची हीच कायद्याची अट झाली. असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता थोडं खाजगी बोलतो. घरात विचारून घेतलंय, म्हणून बोलतो.

माझे एक चुलत काका काटोलकडे राहायचे. संत्र्याची बाग, चार एकर, विहिरीला पाणी. साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आकड्याचा जुगार जोरात होता. त्याची जन्मकथा आपल्या कापसाशी बांधलेली आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने मुंबईला यायचा, त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. न्यूयॉर्कने ते बंद केल्यावर मुंबईत १९६२ मध्ये कल्याणजी भगतांनी वरळी मटका सुरू केला, मग रतन खत्रींनी आपला काढला. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. कापूस पिकवणारा विदर्भ, आणि त्या भावाच्या आकड्यावर घर बुडवणाराही विदर्भच.

काका तालुक्याला जायचे. "कामाने जाऊन येतो," असं सांगून. दोन वर्षांत बाग गेली. एकदा धाडीत सापडले, नाव वर्तमानपत्रात आलं, आणि आमच्या आजोबांनी ते पान चुलीत घातलं. मी तेव्हा हायस्कुलात होतो. काकूने दोन्ही मुलांना एका पहाटे बैलगाडीत बसवून आपल्या माहेरी पाठवून दिलं. स्वतः मात्र गेली नाही. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, तुला आधी कसं कळलं नाही? ती म्हणाली, "अरे, कुठे बसून खेळत होते तेच मला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात खेळले असते तर दिसलं तरी असतं."

मंडळी, मी नलोपाख्यान किती वेळा शिकवलं असेल. पण काकूचं हे बोलणं ऐकल्यावर दमयंती मला पहिल्यांदा समजली. दमयंती आपली, विदर्भाची. भीम राजाची मुलगी, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, आपण ते तेच मानतो. नळ पुष्कराबरोबर खेळत बसला. नगरातले लोक दारात आले, मंत्री आले, ती बोलावते आहे, तो ऐकत नाही. तेव्हा तिने काय केलं? वार्ष्णेय सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलांना रथातून कुंडिनपूरला पाठवून दिलं. अजून राज्य पूर्ण गेलेलं नव्हतं. तिने आधीच ओळखलं. काकू काही महाभारत वाचून वागली नव्हती. तिला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं.

आणि त्याच कथेचा शेवट आपण फार गुळमुळीत सांगतो. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून सांगतो, नळाला अक्षविद्या देतो, कली नळाच्या अंगातून निघून त्या बेहड्यात शिरतो. बेहडाच का, तर जुन्या काळी त्याचीच फळं फासे म्हणून टाकत. रामटेकच्या बाजूच्या जंगलात बेहडे भरपूर आहेत, पाहून घ्या. मग नळ परत जातो आणि एका डावात सगळं जिंकतो. छान. पण पणाला काय लावतो? मिळवलेलं धन, आणि दमयंती. पहिल्या वेळी पुष्कराने तिला लाव म्हटलं तेव्हा त्याने नकार दिला होता. विद्या आल्यावर मात्र लावली! खात्री होती ना जिंकण्याची. आता ही खात्री असेल तर तो जुगार राहतो का, असा प्रश्न मी एम.ए.च्या मुलांना घालायचो. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, खात्री त्याला होती. तिला विचारलं होतं का?" वर्ग संपायला वीस मिनिटं होती, पण मी पुस्तक मिटलं.

दुसरी आठवणही इथलीच. मराठी गद्याचा आरंभ आपण लीळाचरित्रापासून धरतो, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. म्हाइंभटांनी ते ऋद्धपुरात बसून सिद्ध केलं. त्यात चक्रधरस्वामींच्या पूर्वचरित्रात, ते गुजरातेत हरिपाळ नावाने प्रधानपुत्र असताना द्यूताचा प्रसंग येतो. खूप हरले, देणं द्यायला पत्नीकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. तिथे मन उठलं. रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घर सोडलं आणि वाटेत ऋद्धपुरला श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. महानुभाव मंडळी याकडे लीळा म्हणून पाहतात आणि ते मला मान्य आहे. मी फक्त एवढंच बघतो की आपल्या भाषेतल्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या मुळाशी एका बाईचा नकार आहे. दागिने देऊन टाकले असते तर?

याचा अर्थ आपली परंपरा जुगाराच्या नावाने नुसती नाक मुरडते असं समजू नका. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, त्या दिवशी खेळायची रूढी आहे. वेरूळच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत, पार्वतीचा आविर्भाव बघण्यासारखा आहे. पण तिथे पट घराच्या मध्ये मांडलेला आहे. नवरा-बायको समोरासमोर, गण भोवती, नंदीसुद्धा जवळ. कुणी कुणाला सोडून बाजूला गेलेलं नाही.

बरं, जावईबापू. त्यांना मी हे सगळं सांगितलं नाही, घाबरू नका. त्यांना मी फक्त आकडे सांगितले. रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, एक शून्य धरून. एका आकड्यावर लावलेत आणि लागला तर ३५ पट मिळतात, ३६ पट नाहीत. शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे चाकाचे. दोन शून्यांचं चाक असेल तर ३८ घरं, आणि ५ रुपये २६ पैसे. दर फेरीला ५०० रुपये लावून तासात ४० फेऱ्या खेळलात तर २०,००० रुपये चाकावरून फिरले, त्यातले सरासरी ५४० गेले. दोन शून्यं असतील तर १,०५२ गेले. म्हणून आत गेल्यावर झुंबर बघू नये, आधी चाकावरची शून्यं मोजावीत. ब्लाँने एक शून्य कमी करून गर्दी का खेचली ते आता कळेल.

शिवाय कर. कौटिल्य जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यायचा. आपण २०२३ च्या ऑक्टोबरपासून खेळायच्या आधीच, चिप्स घेताना, २८ टक्के जीएसटी लावला आणि २०२५ च्या सप्टेंबरात तो ४० टक्क्यांवर नेला. हरणाराही भरतो. जिंकलात तर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा. जावईबापू म्हणाले, "बाबा, मग फोनवरच खेळलेलं काय वाईट?" म्हटलं, तेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंद केलं, पैशांचे ऑनलाइन खेळ. आणि त्या बंदीचं कारण मला कळतं. फोन हे एकच असं द्यूतगृह निघालं जे बाजूला नव्हतं. ते उशाशी होतं. काकूला निदान कळलं असतं असं म्हणावं, तर तिथेही पाठ फिरवून झोपलेल्या माणसाच्या हातात काय चाललंय ते दिसत नाहीच.

मग हॉटेलचं काय ठरलं? दोन-तीन यादीत होती. कॅसिनो असलेलं, उत्तरेकडचं, छान बाग वगैरे. पण गावापासून लांब, बाहेर जायचं तर दर वेळी टॅक्सी, आणि जमिनीवर म्हणून आत नुसती यंत्रं. म्हणजे ज्यासाठी जायचं ते जिवंत चाक नाही आणि ज्यापासून लांब जायचं तो एकांतही यंत्रांच्या टिणटिणाटाने मोडलेला. बाजूचं हॉटेल घेताना लोक हे विसरतात की संध्याकाळी जायला दुसरी जागाच उरत नाही, पाय आपोआप त्याच खोलीकडे वळतात. वाळवंटात एल रांचो बांधणाऱ्याला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी जावईबापूंना सुचवलं, राहायचं एकीकडे आणि खेळायचं दुसरीकडे. पणजीत चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे, नदीच्या काठावरच. आम्ही दोघं तिथे एखादा कार्यक्रम असेल तर ऐकू, तुम्ही होडीत बसून जाऊन या, एकवीस वर्षं पूर्ण आहेत तुमची. किती घेऊन जायचे ते आधी तुमच्या बायकोला सांगा, आणि परत आल्यावर किती उरले तेही.

ते म्हणाले, "चालेल." मुलगी म्हणाली, "तो एकटा का जाईल? मीही जाणार." दक्षिण गोव्यात जागा घेतली आहे, कॅसिनो नसलेली. सौभाग्यवतींनी विचारलं, आपण का नाही जायचं बोटीवर? पन्नास वर्षांत त्यांनी कधी पत्ता हातात धरलेला नाही, मेंढीकोटसुद्धा नाही. तेव्हा तोही प्रश्न सध्या घरात चालू आहे.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. हो, तुम्ही, निळा शर्ट. जरा मोठ्याने विचारा, पंख्याचा आवाज आहे.